‘अनुशेष’ म्हणजे नक्की काय? मराठवाड्याच्या न मोजलेल्या देण्याची गोष्ट

दर डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन भरलं की पेपरात एक शब्द पुन्हा दिसू लागतो: अनुशेष. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांतही तो असतोच. माझ्या परभणीकडच्या आत्यानं एकदा विचारलं, “हे अनुशेष म्हणजे काय रे? दरवर्षी भरून काढला म्हणतात आणि दरवर्षी शिल्लक राहतोच. आमच्या सोसायटीच्या कर्जासारखं दिसतंय.”

आत्याला सगळं समजलेलं होतं, फक्त तिला ते माहीत नव्हतं. अनुशेष म्हणजे राहिलेली बाकी. एखाद्या भागाला सरकारकडून जेवढं मिळायला हवं होतं आणि जेवढं मिळालं, त्यातला फरक. पण ही बाकी कुणी काढली, कशी काढली आणि त्या हिशेबात काय धरलंच नाही, हे कळल्याशिवाय मराठवाड्यातल्या शाळा-कॉलेजांचं आणि कारखान्यांचं दुखणं समजत नाही.

मामाकडे वाढलेला भाऊ

एका एकत्र कुटुंबाची कल्पना करा. दोन भाऊ घरी वाढले, तिसरा मामाकडे. मामाकडे रीत वेगळी, भाषा वेगळी, शाळेची सोय जेमतेम. मोठेपणी तिसरा घरी परतला तेव्हा त्यानं वाटणीपत्र मागितलं नाही. “आपलीच माणसं आहेत, बघतील,” म्हणाला.

मराठवाडा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. ‘आम्ही बिनशर्त आलो’ हे वाक्य मराठवाड्यात आजही अभिमानानं आणि थोड्या पश्चात्तापानं म्हटलं जातं.

आश्वासनं मात्र होती. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात नेत्यांनी लिहून दिलं की निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटू, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देऊ, तंत्रशिक्षणाच्या संस्थांत प्रवेश आणि सरकारी नोकऱ्यांतही प्रमाण राखू. पण हा करार म्हणजे पुढाऱ्यांनी एकमेकांना दिलेला शब्द, कायदा नव्हे.

कायद्याचं बळ आलं ते राज्यघटनेच्या कलम 371(2) मुळे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी, या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे मागास भागातल्या पोरांचं तंत्रशिक्षण हा विषय थेट घटनेत लिहिलेला आहे. फक्त वाक्याची सुरुवात अशी की राष्ट्रपती तशी तरतूद ‘करू शकतील’. ‘करतील’ आणि ‘करू शकतील’ यांतला फरक ज्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय त्याला सांगायला नको. 1956 सालच्या घटनादुरुस्तीतली ही मंडळं प्रत्यक्षात आली 1994 साली.

पंगतीत किती लाडू वाढले?

मधल्या काळात, 1974 च्या सुमारास, मराठवाड्यात विद्यार्थ्यांनी मोठं विकास आंदोलन केलं. मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसं त्यामागे उभी राहिली. पुढे 1983 मध्ये सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला आणि तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्द आकड्यांत बोलू लागला.

समितीनं केलं काय? समजा पंगतीत शंभर माणसं बसलीत आणि वाढलेले लाडू मोजले तर सरासरी प्रत्येकी दोन येतात. ज्याच्या पानात एकच आहे त्याची बाकी एक लाडू. ज्याच्या पानात चार आहेत त्याचे दोन काढून घ्यायचे नाहीत, त्याची बाकी शून्य. सगळ्यांच्या बाक्या मिळवायच्या आणि तेवढे लाडू करायला खर्च किती येईल ते लिहायचं.

इथं माणूस म्हणजे जिल्हा. लाडू म्हणजे नऊ गोष्टी: रस्ते, सिंचन, खेड्यांतली वीज, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन सुधारणा आणि पशुवैद्यकीय सेवा. एकूण बाकी निघाली 3,186.78 कोटी रुपये. त्यात विदर्भाची 1,246.55 कोटी, मराठवाड्याची 750.85 कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राची 1,189.38 कोटी.

शेवटचा आकडा पाहून अनेक जण गोंधळतात. पुणे-मुंबईच्या भागाचीसुद्धा बाकी? हो, कारण हिशेब जिल्ह्याचा होता. पुण्याच्या पानात चार लाडू असले म्हणून त्याच विभागातल्या दुसऱ्या जिल्ह्याचं रिकामं पान भरत नाही. दांडेकरांचा हिशेब प्रामाणिक होता. तो मराठवाड्याची किंवा विदर्भाची वकिली करत नव्हता, आणि म्हणूनच त्याला वजन होतं. यापुढच्या विकास निधीतला 85 टक्के भाग बाकी फेडण्याकडे वळवा, असंही समितीनं सुचवलं. अहवाल औपचारिकपणे कधी स्वीकारला गेला नाही. अनुशेषासाठी थोडी वेगळी तरतूद मात्र सुरू झाली.

फेडता फेडता बाकी वाढली कशी?

1994 साली मंडळं आली. मग पुन्हा मोजणी करायला निर्देशांक व अनुशेष समिती बसली. तिच्या हिशेबानं 1 एप्रिल 1994 ची बाकी होती 14,006.77 कोटी. मराठवाड्याचे 750 कोटी आता 4,004.55 कोटी झाले होते.

यात महागाईचा वाटा आहे, मोजण्याच्या पट्ट्या बदलल्याचाही आहे. पण मुख्य कारण सरळ आहे. सरासरी एका जागी उभी राहत नाही. तुम्ही एसटीमागे धावताय आणि एसटीही चालूच आहे. तिच्यापेक्षा जोरात धावलात तरच पायरी हाताला लागणार.

शिवाय ‘आर्थिक अनुशेष’ आणि ‘भौतिक अनुशेष’ असा एक फरक आहे. आर्थिक म्हणजे पैसे, भौतिक म्हणजे प्रत्यक्ष वस्तू. दळणाचे पैसे दिले म्हणजे घरात भाकरी आली असं होत नाही. गिरणी बंद असेल, पीठ वाटेत सांडलं असेल. सरकारी कागदावर पैसे दिल्याबरोबर बाकी फिटते. शेतकऱ्याच्या लेखी कालव्यात पाणी आल्यावर फिटते. सिंचनाच्या बाबतीत हे दोन हिशेब कधी जुळलेच नाहीत.

कारखाना कोणत्या रकान्यात?

आता त्या नऊ गोष्टी पुन्हा वाचा. त्यांत उद्योग नाही.

यामागे तर्क होता. रस्ता सरकार बांधतं, कारखाना बहुधा खासगी मालक काढतो. जे सरकारनं द्यायचंच नव्हतं त्याची बाकी सरकारकडे कशी मागणार? हिशेबाच्या नियमानं बरोबर. पण परिणाम असा झाला की घरात पगार आणणारी गोष्ट चाळीस वर्षांच्या या जमाखर्चात आलीच नाही. आणि सरकारी कामकाजात जे रकान्यात नसतं त्याबद्दल अधिकाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

उद्योगांसाठी वेगळी वाट होती, सवलतींची. सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे. तालुक्यांची ए, बी, सी, डी, डी प्लस अशी वर्गवारी. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त: राज्याचा कर परत, वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ. कागदावर मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांना भरघोस सवलत आहे.

पण हे भाडं कमी करणाऱ्या घरमालकासारखं आहे. भाडं निम्मं, पण नळाला पाणी नाही, गल्लीत रिक्षा येत नाही आणि आजूबाजूला दवाखाना नाही. ज्याला परवडतं तो दुप्पट भाडं देऊन चौकातच राहतो. कारखानदाराला सुटे भाग बनवणारे शेजारी हवेत, बंदर किंवा बाजारपेठ गाठणारा रस्ता हवा, मशीन बिघडलं तर तासाभरात येणारा फिटर हवा. सवलत त्याच्या वहीतली एक ओळ असते.

शाळा मोजल्या, शिकणं राहिलं

शिक्षण त्या नऊंत होतं, दोन रकान्यांत होतं. तरी बाकी का राहिली?

थोडं मागे जाऊ. मुंबई विद्यापीठ 1857 चं. नागपूर 1923, पुणे 1949. मराठवाडा विद्यापीठ आलं 23 ऑगस्ट 1958 ला. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 पासूनचं, औरंगाबादचं सरकारी अभियांत्रिकी 1960 चं. म्हणजे पुण्यात इंजिनिअरच्या पाचव्या पिढीचं बारसं होत होतं तेव्हा इथं पहिल्या पिढीचा प्रवेश अर्ज भरला जात होता. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण हैदराबादला, तेही उस्मानियात उर्दूतून. मराठी शाळा टिकल्या त्या हिप्परगा, अंबाजोगाई, सेलू, औरंगाबाद अशा ठिकाणच्या वेड्या माणसांच्या जिवावर. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं ते याच पोकळीत.

2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांच्या थोडी वर होती. मराठवाड्यातले आठही जिल्हे त्याखाली होते. एकही अपवाद नाही. औरंगाबाद 79 टक्क्यांवर, जालना साधारण साडेएकाहत्तरवर.

अनुशेषाच्या भाषेत शिक्षण म्हणजे वर्गखोल्या, संस्था, प्रवेशाच्या जागा. मोजायला सोपं तेच मोजलं. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरची शाळा घ्या. इमारत आहे, रंग आहे, पोषण आहार आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन निघतो. आई-बापाच्या कोयत्याची उचल, म्हणजे जोडीला मिळणारी आगाऊ मजुरी, आधीच खर्च झालेली असते. सातवीतली पोरगी धाकट्याला सांभाळायला बरोबर जाते आणि परतते ती उन्हाळा लागल्यावर. हंगामी वसतिगृहं आहेत, साखर कारखान्यांजवळ साखरशाळांचे प्रयोग झाले. पण अनुशेषाच्या तक्त्यात त्या शाळेची बाकी शून्य आहे, कारण इमारत उभी आहे.

तंत्रशिक्षणाची कथा आणखी मजेशीर. ज्या 1983 मध्ये दांडेकर समिती नेमली, त्याच साली राज्यानं खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. जागा भराभर वाढल्या. फी भरायला जमिनीचे तुकडे विकले गेले, आणि पुढे एक वेळ अशी आली की जागा ओस पडू लागल्या. सीट होती, प्रयोगशाळेत मशीन होतं, शेजारी कारखाना नव्हता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

उलट टोकाला लातूर. परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्ननं दाखवून दिलं की इथली लेकरं बुद्धीनं कुठंही कमी नाहीत. तरी वैद्यकीय प्रवेशात 70:30 चा नियम होता. राज्याच्या कोट्यातल्या सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना. ज्या विभागात कॉलेजं जास्त, त्याची चैन. मराठवाड्यात कॉलेजं मोजकी आणि गुणवान पोरं भरपूर, त्यामुळे चांगले गुण मिळवूनही दार बंद. सप्टेंबर 2020 मध्ये हा नियम रद्द झाला. प्रादेशिक न्यायासाठी केलेला नियम मागास भागाच्याच गळ्यात कसा अडकतो, त्याचं हे उदाहरण.

घर नाही म्हणून लग्न नाही, लग्न नाही म्हणून घर नाही

आमच्याकडे सध्या हा संवाद घरोघर चालतो. मुलीकडचे म्हणतात, नोकरी-घर नाही. मुलाकडचे म्हणतात, लग्न ठरलं की घर बांधू. उद्योग आणि शिक्षणाचं तसंच आहे. कुशल हात नाहीत म्हणून कारखाना येत नाही, कारखाना नाही म्हणून शिकलेला हात पुण्याला जातो.

हे कोडं सुटतं, पण कुणीतरी आधी पैसा घालावा लागतो. पुणे आपोआप वाढलं असं आपल्याला वाटतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तिथं 1950 मध्ये आली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये. दोन्ही सरकारी पैशांतून. खडकीचा दारूगोळा कारखाना तर इंग्रजांच्या काळचा. खासगी मोटारींचे कारखाने त्या मांडवाखाली नंतर आले.

खुद्द मराठवाड्यातही पुरावा आहे. औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, रेल्वे होती, विमानतळ होता, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज होतं आणि जायकवाडीचं पाणी पन्नासेक किलोमीटरवर. चिकलठाण्यात औद्योगिक वसाहत झाली, मग वाळूज, 1985 मध्ये बजाज आली, तिच्यामागे सुटे भाग बनवणारे शेकडो लहान कारखानदार. त्यांत इथलेच पदविका घेतलेले तरुण होते. जिथं चार गोष्टी एकत्र आल्या तिथं उद्योग आला. हिंगोलीत, धाराशिवात त्या कधी एकत्र आल्या नाहीत. आता शेंद्रा-बिडकीनमध्ये ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक नगरी उभी राहतेय, तीही त्याच शहराच्या कुशीत. मराठवाड्याच्या पोटातही एक पुढारलेला भाऊ आहे, हे कबूल करायला हवं.

“पण तुमचेच चार मुख्यमंत्री झाले की!”

हा टोमणा पुण्यात प्रत्येक मराठवाडी माणसाला एकदा तरी ऐकावा लागतो. खरा आहे. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. जायकवाडीमागे शंकररावांचा आग्रह होता. लातूर-नांदेडचं रूप नेत्यांमुळे पालटलं. पण मुख्यमंत्री आपल्या जिल्ह्याला देतो ती भेट असते. अनुशेष म्हणजे हक्क, आणि हक्काला यंत्रणा लागते. त्या चौघांनीही यंत्रणा मजबूत करण्यापेक्षा आपापला जिल्हा सांभाळला, असं माझं मत आहे. कुणाला ते कडू वाटेल.

“मुंबई-पुण्याच्या कराचा पैसा तिकडे का?”

कंपनीचा आयकर नोंदला जातो तिथं, जिथं तिचं कार्यालय असतं. वाळूजला बनलेल्या गाडीचा नफा कुठल्या पत्त्यावर मोजला जातो ते बघा. आणि चाकणच्या शेडमध्ये रात्रपाळी करणारा पोरगा परभणीचा असतो. त्याला पहिलीपासून पदविकेपर्यंत वाढवण्याचा खर्च परभणीनं केला, त्याचं कमावतं वय पुण्याला मिळालं. हा खर्च कोणत्याही समितीनं रुपयांत मांडलेला मला दिसला नाही.

“मुळात पाणीच नाही, आणि लोक कष्टही करत नाहीत”

दुसऱ्या आरोपाला उत्तर पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या फडात मिळेल. कोयता कुणाच्या हातात आहे ते विचारा.

पाण्याचं अर्धं खरं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण त्याच मराठवाड्यात ऊस पिकत होता आणि साखर कारखाने चालू होते. सुटे भाग, कपडे, इलेक्ट्रॉनिक्स अशा उद्योगांना उसापुढे पाणी किती लागतं? दुष्काळी भागात तहानलेला उद्योग वाढवला आणि कमी पाण्याचा उद्योग आला नाही, ही निवड माणसांनी केली.

मंडळं संपली, पॅकेज आली

विकास मंडळांना अधिकार बेताचेच होते. तरी दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल ठेवायचा, ही एक खुंटी होती. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. 2022 मध्ये मंत्रिमंडळानं ती पुन्हा स्थापन करायचं ठरवलं. त्याआधी विजय केळकर समितीनं 2013 मध्ये मोजण्याची रीतच बदलायला सांगितलं होतं, दरडोई उत्पन्नातली तफावत समोर ठेवली होती. रीत बदलली तर आपली जुनी बाकी बुडेल, या भीतीनं मागास भागांतूनच तिला विरोध झाला. भीती खोटी नव्हती. पण उत्पन्न मोजलं असतं तर कारखान्याचा प्रश्न पहिल्यांदा हिशेबात आला असता, म्हणून मला तो विरोध घाईचा वाटतो.

आता हिशेबाची जागा पॅकेजनं घेतली आहे. 2016 मध्ये औरंगाबादच्या मंत्रिमंडळ बैठकीत सुमारे 49 हजार कोटी जाहीर झाले, 2023 मध्ये पुन्हा 45 हजार कोटींच्या वर. अशी बातमी वाचताना पाच शब्द वेगळे करा. घोषणा म्हणजे लग्नाची बोलणी. प्रशासकीय मान्यता म्हणजे साखरपुडा. अर्थसंकल्पीय तरतूद म्हणजे मंगल कार्यालयाची तारीख घेतली. निधी वितरण म्हणजे आचाऱ्याला पैसे पोहोचले. खर्च म्हणजे पंगत उठली. बातमीत बहुधा पहिला किंवा दुसरा शब्द असतो आणि ढोल पाचव्याचे वाजतात. शिवाय त्यात आधीच चालू असलेल्या, केंद्राच्या किंवा कर्जाच्या योजना किती धरल्यात, तेही पाहावं.

बोलणी आणि पंगत यांत किती अंतर पडू शकतं? अहमदनगर (आताचं अहिल्यानगर)-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995 साली मंजूर झाला. बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली 17 सप्टेंबर 2025 ला. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली पोरं तोवर तिशीला आली होती, आणि त्यांतली बरीच ट्रॅव्हल्सनं कधीच पुण्याला गेलेली. परळीकडचा तुकडा तेव्हाही बाकी होता.